बटाट्याच्या पैदाशीत कोणता गुण उत्पादनाशी खरोखर बांधलेला आहे, हे कसे तपासावे

बटाट्याच्या चाचणी-प्लॉटमध्ये शिरले की नजर आपोआप उंच, गर्द हिरव्या, दांडग्या झाडाकडे जाते. हे झाड भरपूर देणार असे वाटून जाते. कधी ते खरे निघते. कधी त्याच झाडाखाली लांबलचक स्टोलन (जमिनीखालच्या आडव्या फांद्या, ज्यांच्या टोकाला कंद धरतो) आणि बारीक कंद निघतात, आणि शेजारच्या बुटक्या, पिवळट पडू लागलेल्या झाडाखाली पाटी भरून माल निघतो. कंद जमिनीखाली वाढतात, म्हणून बटाट्याचा पैदासकार जमिनीवरच्या खुणांवर फार विसंबतो. मीही विसंबते, पण प्रत्येक खूण आधी तपासून घेते. ती तपासणी कशी करायची तेवढेच इथे सांगते.

एखाद्या गुणाचा उत्पादनाशी सहसंबंध, म्हणजे दोन्ही किती एकत्र वाढतात-घटतात हे उणे १ ते १ मधल्या आकड्यात, काढणे हे संगणकावर दोन मिनिटांचे काम आहे. त्या गुणावरून निवड केली तर पुढच्या पिढीत उत्पादन वाढेल का, हा प्रश्न वेगळा आहे. पैदासकाराला हवे असते ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, आणि बहुतेक तक्ते पहिल्यापाशीच थांबतात.

पिकाची घडण

लागवडीखालचा बहुतांश बटाटा चतुर्गुणित आहे. गुणसूत्रांचे चार संच, एकूण ४८ गुणसूत्रे. संकर केल्यावर फळातून निघालेले प्रत्येक बी म्हणजे नवे, वेगळे झाड असते. एकाच फळातली दोन बिया एकसारखी झाडे देत नाहीत. मात्र त्या झाडाचा कंद लावला की तेच झाड जसेच्या तसे पुन्हा उभे राहते, आणि त्यालाच आपण क्लोन म्हणतो. याचा मोठा फायदा असा की जनुकांच्या एकमेकांवरच्या परिणामांसकट सगळा आनुवंशिक चांगुलपणा कंदातून पुढे टिकतो. म्हणून क्लोनच्या निवडीत आनुवंशिकतेचे प्रमाण (दिसणाऱ्या फरकातला किती वाटा जनुकांचा) काढताना एकूण आनुवंशिक फरक धरायचा. बियांवर चालणाऱ्या पिकांसारखा त्यातला फक्त बेरजेने पुढे जाणारा भाग वेगळा काढत बसायचे नाही. पुढचे संकर कोणाशी कोणाचे करायचे हे ठरवताना मात्र तो भाग लागतो.

कंद लावण्याचा तोटाही तितकाच मोठा आहे. कंदाबरोबर त्याचे वय, त्याचा आकार, साठवणीत तो कसा राहिला आणि त्यात कोणते विषाणू आहेत, हेही शेतात येते. यातले काहीच त्या क्लोनच्या जनुकांत नसते, पण झाडावर मात्र ते दिसते.

बेणे सारखे नसेल तर पुढचे सगळे वाया

या भागावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खोट्या सहसंबंधांचा सगळ्यात मोठा उगम इथे आहे.

मोठ्या कंदाला डोळे जास्त, त्यामुळे मुख्य खोडे जास्त. खोडे जास्त म्हणजे पाला लवकर जमीन झाकतो आणि कंदांची संख्या वाढते. आता समजा, तुमच्याकडे वीस क्लोन आहेत. काहींचे बेणे ६० ग्रॅमचे आहे, काहींचे २५ ग्रॅमचे, कारण गेल्या हंगामात ज्याला जे कंद आले ते तुम्ही लावले. काढणीनंतर खोडांची संख्या आणि उत्पादन यांचा छान धन सहसंबंध येईल. तो बेण्याच्या वजनाचा सहसंबंध आहे. त्यावरून ‘जास्त खोडांचे क्लोन निवडा’ असे लिहिले, तर तुम्ही गेल्या वर्षीची पाटी निवडलीत.

साठवणीचे वयही असेच काम करते. नुकत्याच सुप्तावस्थेतून बाहेर आलेल्या कंदाला शेंड्याचा एकच जोमदार कोंब येतो. आणखी काही आठवड्यांनी त्याच कंदाला अनेक कोंब फुटतात. फार म्हातारे बेणे केसासारखे बारीक कोंब देते. सुप्तावस्था किती काळ टिकते हे क्लोनागणिक बदलते. त्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी शीतगृहातून काढले तरी शरीरक्रियेच्या हिशेबात ते एका वयाचे नसतात.

विषाणूंचे सांगायचे तर, पाने गुंडाळणारा विषाणू किंवा वाय विषाणू बेण्यातून आला की झाड खुजे राहते आणि उत्पादन घटते. प्लॉटमध्ये काही क्लोन रोगट आणि काही निरोगी असतील, तर उंची, पानांचे क्षेत्र, खोडांची जाडी आणि उत्पादन यांचे एकमेकांशी भक्कम सहसंबंध येतील. सगळ्यांच्या मागे कारण एकच, आणि ते आनुवंशिक नाही.

म्हणून माझी पद्धत अशी. चाचणीतल्या सगळ्या क्लोनचे बेणे आदल्या हंगामात एकाच जागी, एकाच दिवशी लावलेले आणि एकाच दिवशी पाला कापलेले असावे. प्रत्येक क्लोनचे ४० ते ५० ग्रॅमचे अखंड कंद निवडावेत. कापलेले बेणे चाचणीत वापरू नये. कोंब येण्यासाठी सगळे कंद विखुरलेल्या उजेडात एकाच रॅकवर ठेवावेत आणि लावताना प्रत्येक कंदावरचे कोंब मोजून वहीत टिपावेत. हा रकाना पुढे फार उपयोगी पडतो. खोडांची संख्या कोंबांवरून आली की क्लोनवरून, हे त्यावरूनच कळते.

प्लॉटबद्दल थोडक्यात. किमान तीन पुनरावृत्त्या, म्हणजे सगळे क्लोन तीन वेगळ्या तुकड्यांत पुन्हा लावायचे, आणि प्रत्येक पुनरावृत्तीत क्लोनची मांडणी चिठ्ठ्या टाकून. दोन ओळींत ६० आणि दोन झाडांत २० सेंटिमीटर धरले तर एका झाडाला ०.१२ चौरस मीटर जागा मिळते, म्हणजे हेक्टरी सुमारे ८३,३०० झाडे. ओळीच्या टोकाची झाडे मोजमापात घेऊ नका, त्यांना उजेड जास्त मिळतो. मधले एखादे झाड उगवले नसेल तर त्याच्या दोन्ही बाजूंची झाडेही वगळा, कारण रिकाम्या जागेचा फायदा ती घेतात. हळव्या (लवकर पिकणाऱ्या), बुटक्या क्लोनशेजारी उंच गरवा (उशिरा पिकणारा) क्लोन आला तर त्याची सावली पडते. जागा असेल तर प्रत्येक क्लोनला तीन-चार ओळी द्या आणि मधल्याच मोजा.

काय मोजायचे आणि केव्हा

उगवण पूर्ण झाल्यावर खोडे मोजायची. मुख्य खोड म्हणजे बेण्याच्या कंदातून थेट आलेले. जमिनीच्या वर फुटलेली फांदी मोजायची नाही. शंका आली तर बोटाने माती बाजूला करून पाहायचे. मातीची भर लावण्याआधीच हे काम उरका. भर लावल्यावर खोड कुठले आणि फांदी कुठली, हे ओळखणे कठीण होते.

सगळ्यात जास्त जीव मी जमीन-झाकणीच्या नोंदीत घालते. एक लाकडी चौकट घ्यायची, तिची रुंदी ओळींमधल्या अंतराएवढी आणि लांबी झाडांमधल्या अंतराच्या पटीत. त्यावर दोऱ्या ताणून १०० सारखे चौकोन करायचे. चौकट पाल्यावर आडवी धरून वरून सरळ खाली पाहायचे, आणि जो चौकोन निम्म्याहून जास्त हिरवा आहे तो मोजायचा. मोजलेले चौकोन म्हणजेच झाकणीची टक्केवारी. मोबाइलने वरून फोटो काढून हिरवे ठिपके मोजणारी साधने आता आहेत, आणि ती चांगली आहेत. फोन दर वेळी त्याच उंचीवर धरायचा आणि कडक ऊन टाळायचे. हे काम उगवणीपासून पाला पूर्ण सुकेपर्यंत दर आठवड्याला व्हायला हवे.

या नोंदीला इतके महत्त्व देण्याचे कारण असे की पाला जेवढी जमीन झाकतो, साधारण तेवढ्याच प्रमाणात तो ऊन पकडतो, आणि पकडलेल्या उन्हातूनच कोरडे वजन, म्हणजे पाणी वगळून उरणारा शुष्क पदार्थ, तयार होते. दर आठवड्याची टक्केवारी हंगामभर जोडत गेले की ‘पूर्ण झाकणीचे दिवस’ मिळतात. समजा ते ६० आले, आणि दिवसाला चौरस मीटरवर १८ मेगाज्यूल ऊन पडते असे धरले. पकडलेले ऊन झाले १,०८० मेगाज्यूल. दर मेगाज्यूलला सुमारे १.३ ग्रॅम शुष्क पदार्थ धरला तर १,४०४ ग्रॅम. त्यातला ७५ टक्के कंदात गेला तर १,०५३ ग्रॅम. कंदात २० टक्के शुष्क पदार्थ असेल तर ताजे वजन चौरस मीटरला सव्वापाच किलो, म्हणजे हेक्टरी साडेबावन्न टन. हे आकडे धरून चाललेले आहेत. तुमच्या शेताचे आकडे घालून हाच हिशेब करा, म्हणजे कुठल्या पायरीवर तुमचे क्लोन एकमेकांपासून वेगळे पडतात ते दिसेल. हळवे आणि गरवे क्लोन एकत्र असतील तर बराचसा फरक झाकणीच्या दिवसांत सापडतो. उन्हाचे शुष्क पदार्थात रूपांतर करण्याच्या क्षमतेत निरोगी क्लोन त्या मानाने एकमेकांजवळ असतात.

उंची मोजा, पण तिच्यावर फार विसंबू नका. नत्र, सावली आणि उशिरा पिकण्याची सवय या तिन्ही गोष्टी झाड उंच करतात.

कंद धरण्याची तारीख हवी असेल तर चाचणीच्या कडेला जास्तीची झाडे लावा आणि उगवणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून थोडी थोडी खणा. स्टोलनच्या टोकाची फुगवटी स्टोलनच्या जाडीच्या किमान दुप्पट झाली की तो कंद धरायचा. स्टोलनची लांबीही तेव्हाच पाहून घ्या. लांब स्टोलनचा क्लोन वरंब्याच्या बाहेर कंद काढतो, आणि ते हिरवे पडतात.

काढणीला प्रत्येक झाडाचे कंद मोजायचे, वजन करायचे आणि आकारवारी लावायची. मग विशिष्ट गुरुत्व. धुतलेले, न कापलेले कंद आधी हवेत तोलायचे, नंतर जाळीत घालून पाण्यात बुडवून तोलायचे. हवेतल्या वजनाला दोन्ही वजनांच्या फरकाने भागायचे. हवेत ३,००० ग्रॅम आणि पाण्यात २२२ ग्रॅम भरले तर ३,००० भागिले २,७७८, म्हणजे १.०८०. या आकड्याला शुष्क पदार्थ साधारण २० टक्के असतो. हे मोजल्याशिवाय उत्पादनाची तुलना अर्धीच राहते. हेक्टरी ४० टन देणाऱ्या क्लोनात १८ टक्के शुष्क पदार्थ असेल तर ७.२ टन झाला. ३५ टन देणाऱ्यात २२ टक्के असेल तर ७.७ टन. दुसऱ्याने जास्त काम केले आहे, पहिल्याने जास्त पाणी भरले आहे. तुम्हाला कोणता हवा हे बटाटा कशासाठी पिकवायचा यावर ठरेल, पण गुणांचे नाते शोधताना दोन्ही उत्पादने वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.

कंदांची संख्या आणि कंदाचे वजन: इथे शोध लागत नाही

बटाट्यावरच्या कितीतरी प्रबंधांत शेवटी असे वाक्य येते की कंदांची संख्या आणि कंदाचे सरासरी वजन यांचा उत्पादनावर सगळ्यात मोठा थेट परिणाम आहे, म्हणून निवड त्यांवरून करावी. हे वाक्य वाचले की मला वाईट वाटते, कारण त्यामागे कुणाचे तरी दोन-तीन हंगामांचे कष्ट असतात. झाडाचे उत्पादन म्हणजेच कंदांची संख्या गुणिले सरासरी वजन. दोन्ही घटक उत्पादनाशी जोडलेले असणारच, तो गुणाकार आहे.

तरी पथ-विश्लेषण, म्हणजे सहसंबंधाचे थेट परिणाम आणि दुसऱ्या गुणामार्फत येणारा परिणाम असे भाग पाडणे, शिकायला हीच जोडी सोपी पडते. ही पद्धत सूअल राइट यांनी १९२१ मध्ये सविस्तर मांडली. १९५९ मध्ये ड्यूई आणि लू यांनी ती एका गवताच्या बीजोत्पादनाला लावली, आणि तिथून ती पीक-पैदाशीत पसरली. समजा, संख्या आणि उत्पादन यांचा सहसंबंध ०.४ आहे, वजन आणि उत्पादन यांचा ०.५, आणि संख्या व वजन यांचा आपसात उणे ०.५. संख्येचा थेट परिणाम अधिक, उणे ०.५ गुणिले वजनाचा थेट परिणाम, बरोबर ०.४. वजनाचा थेट परिणाम अधिक, उणे ०.५ गुणिले संख्येचा थेट परिणाम, बरोबर ०.५. ही दोन समीकरणे सोडवली की संख्येचा थेट परिणाम ०.८७ आणि वजनाचा ०.९३ येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे आकडे मोठे वाटतात. पण मोलाची गोष्ट आहे तो उणे ०.५. एका झाडाकडे वाटायला शुष्क पदार्थ ठरावीक असतो. कंद जास्त धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. केवळ संख्या पाहून क्लोन निवडाल तर थेट परिणामाचा मोठा भाग कंद बारीक होण्यात वाहून जाईल आणि हातात ०.४ उरेल.

म्हणून संख्या आणि वजन यांना मी उत्पादनाची कारणे मानत नाही. उत्पादन कोणत्या रूपात हवे आहे, त्याची ती वर्णने आहेत. बेण्यासाठी संख्या हवी, फ्रेंच फ्राइजसाठी लांब, मोठे कंद हवेत. कारणे शोधायची तर एक पायरी मागे जा: झाकणीचे दिवस, कंद धरण्याची तारीख, कंदात जाणारा वाटा.

असाच सापळा आणखी दोन ठिकाणी आहे. विक्रीयोग्य उत्पादन हा एकूण उत्पादनाचाच भाग आहे, त्यामुळे त्यांचा सहसंबंध ०.९ आला तर आश्चर्य नाही. आणि कापणी निर्देशांकाच्या (झाडाच्या एकूण वजनातला कंदांचा वाटा) अंशस्थानी कंदांचे वजनच बसलेले असते, मग तो उत्पादनाशी जोडलेला दिसणारच. ज्या दोन रकान्यांत एकच मोजमाप लपले आहे, त्यांचा सहसंबंध अहवालात घालू नका.

थेट परिणाम एकाहून मोठा आला, किंवा चिन्ह शेतातल्या अनुभवाच्या अगदी उलटे आले, तर बहुधा दोन गुण एकमेकांशी फार घट्ट जोडलेले आहेत. उंची आणि पेरांची संख्या, पानांचे क्षेत्र आणि पाल्याचे वजन, अशा जोड्यांतला एकच ठेवा.

डोळ्यांना दिसणारा सहसंबंध आणि आनुवंशिक सहसंबंध

क्लोनच्या सरासऱ्यांवरून काढलेल्या सहसंबंधात जमिनीचा चढउतार, पाण्याचा कमी-जास्तपणा हे सगळे मिसळलेले असते. आनुवंशिक भाग वेगळा काढायला मोठे सॉफ्टवेअर लागत नाही. तीन वेळा प्रसरण-विश्लेषण (आकड्यांतला फरक क्लोन, पुनरावृत्ती आणि उरलेली त्रुटी यांत वाटणारा हिशेब) केले की होते: एकदा उत्पादनाचे, एकदा गुणाचे, एकदा दोघांच्या बेरजेचे. बेरीज करण्याआधी दोन्ही रकाने आपापल्या प्रमाण विचलनाच्या जवळपासच्या एखाद्या सोप्या आकड्याने भागून एका पट्टीवर आणा.

उदाहरण घेऊ. तीन पुनरावृत्त्या आहेत. उत्पादनासाठी त्या विश्लेषणाच्या तक्त्यात क्लोनचा सरासरी वर्ग ४.८ आणि त्रुटीचा १.२ आला. फरक ३.६, त्याला ३ ने भागले की आनुवंशिक प्रसरण १.२. गुण घेतला लागवडीनंतर ४५ दिवसांची झाकणी. तिचे आकडे ३.३ आणि ०.६, म्हणून प्रसरण ०.९. बेरजेचे आकडे ११.९ आणि २.०, म्हणून ३.३. आता ३.३ मधून १.२ आणि ०.९ वजा करा, उरले १.२. त्याचे निम्मे ०.६, हे आनुवंशिक सहप्रसरण. त्याला १.२ आणि ०.९ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने, म्हणजे १.०४ ने भागा. आनुवंशिक सहसंबंध आला ०.५८. याच आकड्यांवरून क्लोनच्या सरासऱ्यांचा साधा सहसंबंध ०.४८ येतो. शेताच्या गोंधळाने तो थोडा झाकला होता.

सरासरीच्या पातळीवर आनुवंशिकता काढायची तर त्रुटीच्या सरासरी वर्गाला क्लोनच्या सरासरी वर्गाने भागा आणि ते १ मधून वजा करा. उत्पादनासाठी ०.७५, झाकणीसाठी ०.८२.

आता एक इशारा. क्लोन वीसच असतील आणि साधा सहसंबंध ०.४ आला, तर खरा आकडा उणे ०.०५ पासून ०.७२ पर्यंत कुठेही असू शकतो. ही ९५ टक्के विश्वासाची मर्यादा आहे. साठ प्लॉट आहेत म्हणून साठ निरीक्षणे धरू नका. क्लोन वीस आहेत, म्हणून गुणांचे नाते ठरवायला निरीक्षणे वीसच आहेत असे समजा. आनुवंशिक सहसंबंध तर याहूनही जास्त डळमळतो. निदान चाळीस-पन्नास क्लोन आणि दोन हंगाम असल्याशिवाय मी एखाद्या गुणाच्या बाजूने बोलत नाही.

मुख्य चाचणी

गुणावरून निवड केल्यावर उत्पादनात होणारी वाढ, आणि थेट उत्पादनावरून निवड केल्यावर होणारी वाढ, यांचे गुणोत्तर काढायचे. निवडीचा कडकपणा (निवडलेल्यांची सरासरी सगळ्यांच्या सरासरीहून किती प्रमाण विचलनांनी वर आहे) दोन्हीकडे सारखा असेल तर हे गुणोत्तर असे: आनुवंशिक सहसंबंध, गुणिले गुणाच्या आनुवंशिकतेचे वर्गमूळ, भागिले उत्पादनाच्या आनुवंशिकतेचे वर्गमूळ. ते एकाहून जास्त आले तरच त्या गुणाने उत्पादनाची जागा घ्यावी.

वरचे आकडे घाला. ०.८२ चे वर्गमूळ भागिले ०.७५ चे वर्गमूळ हे १.०४, त्याला ०.५८ ने गुणले की ०.६०. म्हणजे झाकणीवरून निवडले तर थेट तोलून निवडण्याच्या ६० टक्केच प्रगती होईल. शेत खणून, तोलून झाले असताना झाकणीवरून निवडण्यात अर्थ नाही.

आता सुरुवातीच्या पिढीकडे जाऊ, जिथे क्लोनचे एकेकच झाड असते. तिथे उत्पादनाची आनुवंशिकता समजा ०.२ आहे. एखाद्या गुणाची ०.८ असेल तर वर्गमुळांचे गुणोत्तर २ येते, आणि आनुवंशिक सहसंबंध ०.५ च्या वर असला की तो गुण उत्पादनाला मागे टाकतो. पण एका झाडावर ०.८ आनुवंशिकता कोणत्या गुणाची असते? झाकणीची नाही. ती बेण्यावर अवलंबून आहे. तिची ०.३ धरली तर गुणोत्तर ०.७१ पर्यंतच जाते. खोडांच्या संख्येची स्थिती त्याहून वाईट. एका झाडावरही बऱ्यापैकी विश्वासाने ओळखता येतात असे गुण म्हणजे कंदाचा घाट (गोल की लांबट), सालीचा व गराचा रंग, डोळ्यांची खोली आणि पिकण्याचा काळ. यातल्या पहिल्या तिघांचा उत्पादनाशी फारसा संबंध नसतो. राहतो तो पिकण्याचा काळ.

झाकणीच्या बाजूनेही एक गोष्ट आहे. ती खणल्याशिवाय मोजता येते, म्हणून जास्त क्लोन पाहता येतात. तोलायला ५० क्लोनच परवडत असतील आणि त्यातले १० ठेवायचे असतील, तर निवडीचा कडकपणा १.४० येतो. फोटोने २५० पाहून १० ठेवले तर तो २.१५ होतो. म्हणजे १.५४ पट. ०.६० ला त्याने गुणले की ०.९२. थेट निवडीच्या जवळ आलो, आणि खणण्याचे कष्ट वाचले. पहिल्या चाळणीसाठी झाकणी वापरून उरलेल्यांना तोलणे, हा मार्ग म्हणूनच मला पटतो.

पिकण्याचा काळ: सगळ्यांच्या मागे उभा असलेला गुण

उंची, पानांचे क्षेत्र, फांद्या, झाकणीचे दिवस आणि शेवटी उत्पादन, हे सगळे एकमेकांशी धन सहसंबंधाने बांधलेले दिसले तर आधी क्लोनची हळवे, निमगरवे, गरवे अशी वाटणी करा आणि प्रत्येक गटात सहसंबंध वेगळा काढा. बरेच सहसंबंध तिथेच विरघळतात. गरवा क्लोन उंचही असतो, पानेही जास्त धरतो, आणि हंगाम लांब असेल तर उत्पादनही जास्त देतो. एकाच कारणाचे हे तीन परिणाम असतात.

या गुणाचा मोठा भाग पाचव्या गुणसूत्रावरच्या एका जागेतून येतो. तिथले सीडीएफ-१ हे जनुक दिवसाच्या लांबीचा निरोप पुढे देते, आणि शेवटी एसपी-६ए हा संदेश पानांतून स्टोलनपर्यंत जाऊन कंद धरायला लावतो. २०१३ मध्ये हे जनुक ओळखले गेले. अँडीज पर्वतातल्या जुन्या जातींना कंद धरायला लहान दिवस लागतात. लांब दिवसांत त्या पाला वाढवत राहतात. ज्या क्लोनात या जनुकाचे बदललेले रूप आहे तो लांब दिवसांतही लवकर कंद धरतो. म्हणून एका अक्षांशावर काढलेला उंची-उत्पादन सहसंबंध दुसऱ्या अक्षांशावर चिन्हासकट उलटू शकतो. रात्री उबदार असतील तर कंद धरणे आणखी लांबते. तिथे सगळ्यात हिरवा क्लोन सगळ्यात रिकामा निघू शकतो.

उशिरा येणाऱ्या करप्याला पाल्याचा प्रतिकार आणि गरवेपणा हेही एकत्र चालतात. करप्याच्या वर्षात चाचणी केली तर गरवे क्लोन टिकतात, हळवे करपतात, आणि ‘उंच झाड म्हणजे जास्त उत्पादन’ असा तक्ता तयार होतो. उरलेले पान किती, याची दर आठवड्याची नोंद असेल तर हा गोंधळ सोडवता येतो.

माझे मत असे की पिकण्याचा काळ निवडीचा गुण म्हणून वापरू नये, तो आधी ठरवून टाकावा. तुमच्या हंगामात किती दिवस मिळतात ते पाहा, त्यात बसणारा गट घ्या आणि त्या गटाच्या आत उत्पादनाची तुलना करा. त्या गटात जो क्लोन लवकर जमीन झाकतो, झाकणी पूर्ण होण्याच्या सुमारास कंद धरतो आणि मग पाला टिकवून ठेवतो, त्याच्यावर मी पैज लावीन.

फुलांबद्दल लोक विचारतात. फुलांची संख्या पाहून उत्पादन सांगता येत नाही. फळे भरपूर धरली तर ती कंदांच्या वाट्याचे थोडे खातात एवढेच. संकरासाठी मात्र फुले हवीतच. फूल गाळणाऱ्या क्लोनला विटेवर लावून, मुळे खाली गेल्यावर माती धुऊन टाकतात आणि दिसणारे स्टोलन खुडत राहतात. कंदांकडे जाणारे अन्न मग फुलाकडे वळते. झाडातली वाटणी डोळ्यांसमोर पाहायची असेल तर हा प्रयोग एकदा जरूर करा.

कोणत्या पिढीत काय पाहायचे

बियांपासून कुंडीत वाढवलेल्या रोपांच्या वर्षी उत्पादनाकडे पाहूच नका. कुंडीतले वजन पुढच्या शेतातल्या वजनाबद्दल फार थोडे सांगते. वेडेवाकडे, खोल डोळ्यांचे, भेगाळलेले कंद देणारे काढून टाका, बाकी सगळे ठेवा.

पुढच्या वर्षी शेतात एकेक झाड असते. इथे हात आवरणे सगळ्यात अवघड जाते, कारण जागा कमी आणि क्लोन हजारो. कंदाचा घाट, डोळे, स्टोलनची लांबी, पिकण्याचा गट आणि दिसणारे रोग यांवर छाटणी करा, पण केवळ कमी माल निघाला म्हणून चांगल्या बांध्याचा क्लोन टाकू नका. त्याचे बेणे लहान असेल.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी प्रत्येक क्लोनची लहान ओळ आली की झाकणीचे फोटो सुरू करा, विशिष्ट गुरुत्व काढा आणि उत्पादनाला थोडे वजन द्या. पुनरावृत्त्यांच्या चाचण्या सुरू झाल्या की उत्पादनच निर्णायक. तिथे आनुवंशिकता ०.७ असेल तर ०.८ आनुवंशिकतेच्या गुणाला त्याची जागा घ्यायला ०.९४ चा आनुवंशिक सहसंबंध लागेल, आणि तेवढा क्वचितच मिळतो. त्या टप्प्यावर गुणांच्या नोंदीचा उपयोग वेगळा असतो: एखादा क्लोन एका जागी चांगला आणि दुसऱ्या जागी पडला, तर तो कोणत्या पायरीवर पडला, हे त्यांवरून कळते. झाकणी उशिरा झाली, कंद उशिरा धरले की पाला लवकर गेला, या तीन कारणांसाठी पुढचे जोडीदार वेगवेगळे निवडावे लागतात.